छायाचित्रातला ‘पोत’: टेक्स्चर म्हणावं, की पोत?

सांगलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: “छायाचित्रणाच्या एका कार्यशाळेत चांगल्या फोटोचे घटक म्हणून रेषा, आकार, पोत, आकृतिबंध, रंग अशी यादी दिली. पोत तर कापडाचा असतो. फोटोचा कागद गुळगुळीत, मोबाईलची काच त्याहून गुळगुळीत, मग त्यात पोत कुठून आला? मार्केट यार्डात रचलेल्या हळदीच्या पोत्यांचा फोटो काढून मी खाली ‘थप्पीचा पोत’ असं लिहिलं, तर मित्र हसले. सरळ टेक्स्चर लिहायला काय हरकत आहे?”

पोत हा शब्द चोख आहे, त्याला धक्का लावू नका. तुमची ओळ मात्र चुकली, आणि तिथे टेक्स्चर लिहिलं असतंत तरी चुकलीच असती.

पोत मूळचा कापडाशी जोडलेला हे खरं. दुकानात आजही माणूस कापड चिमटीत धरून, दोन बोटांत चोळून पोत बघतो. सूत किती जाड, वीण घट्ट की विरळ, हे सगळं त्या चोळण्यात कळतं. पण मराठीने हा शब्द कापडापाशी थांबवलेला नाही. जमिनीलाही पोत असतो, आणि कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन रानं क्षारपड झाल्यापासून ‘पोत बिघडला’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. (कृषिशास्त्रवाले इथे नाक मुरडतील. त्यांच्या लेखी पोत म्हणजे मातीतल्या वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण. ते खताने किंवा पाण्याने सहसा बदलत नाही, बिघडते ती मातीची घडण. शेतकरी दोन्हींना पोतच म्हणतो आणि कुणाचं अडत नाही.) काळ्या मण्यांच्या सराला आपण काळी पोत म्हणतो ती ‘ती पोत’, आणि गोंधळात पाजळतात तो देवीचा पोत निराळा. आपल्या चर्चेतला शब्द पुल्लिंगी: तो पोत, त्याचा पोत.

आता कापड असो की माती, पोत कळतो तो बोटांना. तुमची शंका नेमकी इथलीच आहे, फोटोला बोटं लावून काय कळणार? म्हणूनच चित्रकलेत आणि छायाचित्रणात पोत म्हणजे डोळ्यांनी घेतलेला स्पर्श. उंचवट्याच्या एका अंगाला उजेड पडतो, दुसऱ्या अंगाला बारीक सावली पडते, आणि त्या जोड्यांवरून डोळा ओळखतो की हे हाताला खरबरीत लागेल. सावली पुसली की पोत गेला, वस्तू तीच असली तरी.

तुमच्याच यार्डातलं उदाहरण घ्या. शिजवून वाळवलेलं पण पॉलिश न केलेलं एक हळकुंड जवळून पाहा. अंगावर आडव्या कड्या, मध्ये सुकून आक्रसलेली साल, कुठे मुळीचा तुटका खुंट. मोबाईलचा फ्लॅश मारून समोरून फोटो काढलात तर उजेड सरळ तोंडावर बसतो, सावलीला जागाच उरत नाही आणि मातकट पिवळा लांबोडका तुकडा तेवढा हाती येतो. तेच हळकुंड दारापाशी ठेवा, उजेड एका कुशीने, जवळजवळ पृष्ठभाग घासत येऊ द्या. प्रत्येक कडीमागे सावलीची रेघ उभी राहते. पॉलिशच्या ड्रममधून निघालेलं हळकुंड शेजारी ठेवलंत तर दोघांचा पोत वेगळा आहे हे सांगावं लागणार नाही. सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंड मोडून बघतात, त्या मोडलेल्या तोंडाचा मेणासारखा तुकतुकीत गाभा हा तिसराच पोत.

पोतासाठी सकाळ-संध्याकाळचं ऊन घ्यावं असं सगळे सांगतात. ते जमिनीपुरतं, घाटाच्या पायऱ्यांपुरतं बरोबर आहे. उभ्या भिंतीला तो नियम लावू नका. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीवर दुपारचं ऊन वरून घासत उतरतं आणि छिन्नीचा टवका न टवका दिसतो. १९२९ साली बांधलेल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या दगडी बांधकामाचे फोटो काढायला लोक मावळतीलाच गर्दी करतात. त्यांना आकाश मिळतं, दगड मिळेलच असं नाही.

आता थप्पी. एकावर एक, ओळीने रचलेली पोती लांबून पाहिली की एकच आकार पुन्हा पुन्हा येतो. ही पुनरावृत्ती, म्हणजे पॅटर्न. त्याच थप्पीला चिकटून उभे राहा, चौकटीत एकाच पोत्याचा ओंजळभर भाग येऊ द्या, तागाची वीण आणि सुतळीचा टाका दिसू द्या, मग तो पोत. वस्तू एकच, तुम्ही कुठे उभे आहात यावर शब्द ठरतो. मध्येच एक धूसर पट्टा असतो, जिथे दोन्ही म्हटलं तरी चालतं. तुमचा फोटो त्यात बसत नाही, त्यात पोती मोजता येतात.

पॅटर्नला यादीत ‘आकृतिबंध’ दिला आहे. शब्द देखणा आहे, पण जिल्हा परिषदेतल्या कुणालाही विचारा, आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता! मी अशा जागी ‘नक्षी’ लिहितो, आणि नक्षी म्हटल्यावर कुणी मुद्दाम काढल्याचा भास होत असेल तिथे सरळ पॅटर्न.

‘आकार’ या शब्दाचीही अडचण आहे, थोडक्यात सांगतो. मराठीत ‘मोठ्या आकाराचा’ म्हटलं की माप, ‘गोल आकाराचा’ म्हटलं की बाह्यरेषा. माप सांगायचं तर आकारमान म्हणावं. आणि भोपळा नुसता गोल न दिसता फुगीर दिसतो तेव्हा घनाकार. तोही तिरप्या उजेडानेच कळतो, मागून उजेड आला तर उरतो तो नुसता आकार.

राहिलं टेक्स्चर. बोलताना खुशाल वापरा. फोटो सुधारण्याच्या ॲपमध्ये त्या नावाची पट्टी असते, तिला पोत म्हणून कुणाला सापडणार नाही. शिवाय ती पट्टी ओढून पोत येत नाही, असलेला उठून दिसतो. लिहिताना मात्र पोत घ्या, कारण त्याच्या मागे विशेषणांची फौज तयार आहे: भरड, खरबरीत, रवाळ, तलम, तुळतुळीत, मऊसूत. माणदेशी घोंगडीचा पोत राठ आहे असं म्हटलं की वाचणाऱ्याच्या मानेला ती टोचते. ‘रफ टेक्स्चर’ने ते होत नाही.

‘टेक्स्चर्ड’ला काय म्हणायचं हेही कुणीतरी विचारेलच. ‘पोतयुक्त’ वाचलं आहे, खत-बियाण्याच्या पिशवीवर शोभेल. ‘भरड पोताचा कागद’, ‘पोत असलेली भिंत’ असं साधं लिहावं. ‘पोतदार’ हा मोह मात्र टाळा. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा, आणि सांगली-साताऱ्यात त्या आडनावाची घरं बरीच आहेत.