बरा झाला की देऊ

पल्स पोलिओच्या रविवारनंतरचा मंगळवार. रविवारी बूथवर न आलेल्या मुलांना शोधत दोन ताई पुण्यातल्या धायरीतल्या एका इमारतीचे जिने चढत होत्या. दुसऱ्या मजल्यावर वैशालीनं साडेचार वर्षांच्या ओजसला उचललं, दहा महिन्यांच्या ईराला कडेवर घेतलं, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. दार सासूबाईंनी उघडलं. "मुलं मामाकडं गेलीत." ताईंनी दाराशेजारी खडूनं फुली मारली आणि त्या पुढं गेल्या. वैशालीनं बाहेर येऊन आधी ती फुली ओल्या फडक्यानं पुसली. ओजस रडत होता, कारण इमारतीतल्या सगळ्या पोरांच्या डाव्या करंगळीवर काळी शाई होती आणि त्याच्या नव्हती.

हे तिनं मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. पहिल्या भेटीत ती फक्त एवढंच म्हणाली होती, "मॅडम, लस देऊ का नको, एवढं एकच सांगा."

(नावं बदलली आहेत. इतर तपशीलही, ओळख पटू नये इतपत.)

ओजसला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. वीस महिन्यांचा असताना सकाळी उठला की डोळे सुजलेले दिसायचे. आधी वाटलं, काहीतरी चावलंय. मग पंधरा दिवस ॲलर्जीचं औषध झालं. मग पोट फुगलं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेत रुतायला लागलं, आणि कुणीतरी लघवी तपासली. या आजारात किडनीच्या गाळणीतून प्रथिनं लघवीवाटे निघून जातात. औषध म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड. बहुतेक मुलांना त्यानं उतार पडतो, आणि बऱ्याच मुलांचा आजार पुन्हा उलटतो. घरात रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची, रंग बघायचा, वहीत लिहायचं: निल, ट्रेस, वन प्लस. सलग तीन दिवस थ्री प्लस आलं की रिलॅप्स. की परत गोळ्या, परत चंद्रासारखा गोल चेहरा, परत रात्री दोन वाजता पोळी मागणारं मूल.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मी डॉक्टर नाही, पण बालविभागात समाजसेविका म्हणून इतकी वर्षं काढली आहेत की लशींची माहिती तोंडावर असते. तीस मिनिटं मी ती तिला दिली. जिवंत लस (दुबळा केलेला, पण जिवंत जंतू असलेली) कोणती, मृत कोणती, केव्हा चालते, केव्हा नाही. ती मान हलवत राहिली. मला वाटलं, छान झालं. त्यानंतर तीन आठवडे ती फिरकली नाही.

दुसऱ्या वेळी नवऱ्याला घेऊन आली. नितीन चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. त्यानं लॅपटॉप उघडला आणि मला एक तक्ता दाखवला. ओजसचे पाच रिलॅप्स, तारखेवार. डोस किती, किती दिवसांत उतार पडला, खर्च किती. व्यवस्थित माणूस. त्यात एकच ओळ लाल होती. ओजस अडीच वर्षांचा असताना दिलेला ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) राहिलेला बूस्टर, आणि त्यानंतर नवव्या दिवशी थ्री प्लस.

"त्यानंतर आम्ही काही दिलेलं नाही," तो म्हणाला. "पूर्ण बरा झाला की देऊ."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की कुठल्या आजारासाठी कोण म्हणालं ते आता वेगळं आठवत नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. हृदयाला भोक असलेल्या बाळाचे आईवडील म्हणतात, फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या मुलीचे म्हणतात. पण नेफ्रोटिकमध्ये 'पूर्ण बरा' हा दिवस कॅलेंडरवर दाखवता येत नाही. काही मुलांचा आजार वर्षानुवर्षं ये-जा करतो, किशोरवयापर्यंतही जातो. मधे मधे फटी मिळतात, दोन महिन्यांची, चार महिन्यांची. ओजसच्या तक्त्यात अशा दोन फटी मला स्पष्ट दिसत होत्या. दोन्ही 'बरा झाला की' म्हणण्यात निघून गेल्या होत्या.

मी तक्त्यावर काहीच बोलले नाही. फक्त विचारलं, "हा लाल रंग कुणी दिला?"

"मी. का?"

वैशाली खाली बघत होती. "त्या दिवशी इंजेक्शनला मीच धरलं होतं त्याला मांडीवर," ती म्हणाली. "हे ऑफिसला होते."

नितीननं तिला कधी एका शब्दानं दोष दिला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही. पण तो तक्ता घरात रोज उघडत होता आणि ती लाल ओळ ती रोज वाचत होती. मग हळूहळू सगळ्याच सुया तिच्या लेखी लाल झाल्या. पोलिओचे थेंब ओजसला द्यायचे नाहीत असं किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं: स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते, आणि थेंबांत जिवंत विषाणू असतो. पण हे दारात आलेल्या ताईंना कसं सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. 'शिकलेली बाई आणि लस नाही म्हणते' असं ऐकावं लागेल, म्हणून बाथरूम.

आणि ईरा. तिच्याकडं माझं लक्ष उशिरा गेलं, याची मला आजही लाज वाटते. ती माझ्याकडच्या प्रत्येक भेटीत आईच्या कडेवर होती, निरोगी, गुटगुटीत. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, हिचं नवव्या महिन्याचं गोवर-रुबेला झालं ना? नव्हतं झालं. साडेतीन महिन्यांनंतर तिला एकही सुई टोचलेली नव्हती. तिला कुठलाच आजार नव्हता. घरात फक्त भीती होती, ती दोघा भावंडांना सारखी वाटली गेली होती.

२०२२च्या शेवटी मुंबईत, गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली होती ती आठवते ना. पुण्याजवळच्या मांजरीहून, सीरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून गोवराची लस जगभर जाते, आणि धायरीतल्या दुसऱ्या मजल्यावर पोचत नव्हती. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाच्या घरात लस न घेतलेलं भावंड असणं म्हणजे दाराला आतून कडी आणि खिडकी सताड उघडी. जिवंत लस ओजसला त्या काळात देता येत नव्हती, म्हणून तर त्याच्या आजूबाजूच्यांनी ती घेतलेली असणं जास्त गरजेचं होतं. गोवर-रुबेलाची लस घेतलेल्या बहिणीपासून भावाला धोका नसतो. अपवाद तोंडावाटे देतात त्या पोलिओच्या थेंबांचा. त्यातला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो, म्हणून अशा घरातल्या भावंडांना थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर सांगतात. हा बारकावा दारात येणाऱ्या ताईंना माहीत असेलच असं नाही. त्यासाठी चिठ्ठी लागते. बाथरूम लागत नाही.

चौथ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. खरं सांगायचं तर मी मनाची तयारी करून बसले होते. अशा घरांत खोडा बहुधा आजीचा असतो, असा माझा पूर्वग्रह. त्या आल्या, पदर सारखा केला, आणि डाव्या दंडावरचा वण दाखवून म्हणाल्या, "बाई, मला देवी टोचल्या होत्या शाळेत. माझ्या धाकट्या भावाला गोवर झाला, तो बाहेर पडलाच नाही, आत गेला म्हणाले सगळे. कडुलिंबाचा पाला घातला अंथरुणात. पाचव्या दिवशी गेला. मी यांना कधीच नको म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही."

घरात पाच मिनिटं कुणी बोललं नाही. म्हणजे माझ्या खोलीत. पण ते त्यांचं घरच होतं त्या वेळी.

मग कामाला लागलो. नितीनला मी म्हटलं, तक्त्यात एक रकाना वाढवा: आधीच्या पंधरा दिवसांत सर्दी, खोकला, ताप. वैशालीच्या वहीत या नोंदी होत्या, केमिस्टची बिलंही तिनं जपली होती. पुढच्या वेळी तो भरून घेऊन आला. पाचांपैकी चार रिलॅप्सच्या आधी सर्दी किंवा ताप होता. त्यात लाल ओळही होती: गणपतीनंतरचा आठवडा, घरात तिघं शिंकत होते. पाचव्याच्या आधी काहीच नव्हतं; तसंही असतं. पाच ओळींनी काही सिद्ध होत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. किडनीच्या डॉक्टरांनीही त्यांना सरळ सांगितलं की लशीनंतर एखाद्या मुलाचा आजार उलटल्याचं दिसतं, मी शंभर टक्के नाही म्हणणार नाही. पण साधी सर्दी हे रिलॅप्सचं नेहमीचं निमित्त, आणि न्यूमोकोकससारखा जंतू याच्या पोटात साठलेल्या पाण्यात शिरला तर ते जिवावर बेतू शकतं. लढणाऱ्या अँटीबॉडीही लघवीतून निघून जातात ना. लस दिली की पंधरा दिवस रोज पट्टी बघा, वाढलं तर लगेच फोन करा.

नितीननं लाल रंग स्वतःहून काढला. मी सांगितलं नव्हतं. (सांगायचा बेत होता.)

आता गोंधळाचं दुसरं कारण. कॉलनीतले बालरोगतज्ज्ञ म्हणायचे, किडनीच्या डॉक्टरांना विचारा. किडनीचे डॉक्टर म्हणायचे, योग्य वेळ बघून तुमच्या डॉक्टरांकडे घ्या. दोघंही चांगले, दोघंही घाईत, आणि 'योग्य वेळ' कुणीच लिहून दिलेली नव्हती. पुण्यातल्या दवाखान्यांत हे मी रोज बघते. म्हणून आम्ही एका कागदावर प्रश्न लिहिले. 'लस देऊ का' हा प्रश्न त्यात नव्हता. आता कोणत्या चालतील? कोणत्या थांबवायच्या, आणि गोळ्या कधी, किती कमी झाल्यावर सुरू करायच्या? ईराचं काय? घरी कुणाला कांजिण्या झाल्या तर पहिला फोन कुणाला? उत्तर त्याच कागदावर, सहीनिशी.

कागद भरून आला तो असा. न्यूमोकोकलची आणि फ्लूची, या जिवंत लशी नाहीत, त्या आताच सुरू करायच्या. फ्लूची पावसाळ्याआधी आणि मग दर वर्षी. आठ आठवड्यांनी न्यूमोकोकलची दुसरी, त्या जंतूच्या तेवीस प्रकारांवरची. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लशी थांबवायच्या. साधारण नियम असा की वजनाच्या दर किलोला रोज २ मिलिग्रॅम, किंवा दिवसाला २० मिलिग्रॅम, एवढं स्टेरॉइड १४ दिवस वा जास्त चाललं असेल, तर ते थांबल्यावर निदान एक महिना जाऊ द्यायचा. त्याहून तीव्र औषधं चालू असतील तर हिशेब आणखी वेगळा. स्टेरॉइडवर असताना कांजिण्या झालेल्या मुलाच्या संपर्कात आला तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, बाहेर विकत घ्यावी लागते. हे नितीनला पहिल्यांदा तिथंच कळलं.

आणखी एक ओळ होती, ती त्याला फार आवडली. इंजेक्शनच्या दोन जिवंत लशी एकाच दिवशी देता येतात. एकाच दिवशी दिल्या नाहीत तर मग मधे चार आठवडे हवेत. "म्हणजे विंडो छोटी असली तर एकाच खेपेत," तो म्हणाला. चाकणचा माणूस.

इथं दुसऱ्या आजारांच्या पालकांसाठी एक थांबा घेते, कारण हा लेख वाचून कुणी ओजसचा कागद आपल्या मुलाला लावू नये. जन्मजात हृदयदोष असलेल्या बहुतेक बाळांनी लशींसाठी थांबायचं कारण नसतं, उलट फ्लू आणि न्यूमोकोकलची त्यांना जास्तच गरज. केमोथेरपी चालू असेल तर जिवंत लशी ती संपल्यावर काही महिन्यांनीच. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल, तर गोवराची लस काही महिने पुढं ढकलतात, नाहीतर ती उगवतच नाही. मेंदूचा वाढत जाणारा आजार असेल तर डांग्या खोकल्याच्या भागाबद्दल वेगळा विचार करावा लागतो. कागद आपापला, डॉक्टर आपापले.

ईराला त्याच आठवड्यात महापालिकेच्या दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस मिळाली, फुकट. वैशालीला मी म्हटलं होतं, या वेळी नितीन धरू देत. पण ती म्हणाली, नको, मीच धरते. नितीन रजा काढून शेजारी उभा राहिला.

ओजसची फट ऑगस्टात आली. गोळ्या बंद होऊन पाच आठवडे झाले होते, पट्टी निल. दोन्ही लशी एकाच सकाळी, दोन हातांना. मग पंधरा दिवस तिचा दररोज सकाळी एक शब्दाचा मेसेज: निल. निल. ट्रेस. निल. त्या 'ट्रेस'च्या दिवशी तिनं तीनदा फोन केला. मी उचलला, काही उपयोगाचं बोलले असेन असं नाही. दिवाळीत मात्र रिलॅप्स आलाच. आधी चार दिवस खोकला होता, तिनं वहीत तसं लिहिलं. कांजिण्यांचा दुसरा डोस त्यामुळं पुढं गेला, अजून राहिलाय.

पुढच्या वर्षी पल्स पोलिओच्या ताई आल्या तेव्हा दार वैशालीनं उघडलं. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चिठ्ठी. ताईंनी ती वाचली, सुपरवायझरना फोन लावला, नोंद केली, आणि ईराच्या इंजेक्शनाच्या तारखा कार्डावरून उतरवून घेतल्या. ओजस आता पाच पूर्ण. त्याला तसंही थेंब नव्हते. पण तो करंगळी पुढं करून उभा राहिला तो हलेचना. ताई हसल्या आणि गेल्या. वैशालीनं फळ्यावरचा मार्कर आणला आणि त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर जाड काळी रेघ ओढली. फोटो मला आला. रेघ जरा वाकडी आहे.