वाचकांचे प्रश्न : सीडी शंभरची खडखड

प्रश्न : वडिलांनी १९८९ साली घेतलेली हिरो होंडा सीडी १०० मी अजून चालवतो. सकाळी सुरू केली की इंजिन खडखडतं, यवतेश्वरचा घाट उतरताना तर फारच. एका मिस्त्रींनी इंजिनातली टायमिंग चेन ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरच्या स्प्रिंगमागं वॉशर घातला. थोडे दिवस गाडी गप्प होती. आता खडखड परत आली आणि वर घूंऽऽ असा आवाजही. टेन्शनर अजून आवळता येईल का, की अख्खं इंजिन उघडावं लागेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तो वॉशर काढा, आजच. या गाडीच्या टेन्शनरला आवळायची सोयच नाही. इंजिनाच्या पोटाला, ऑइल सोडायच्या बोल्टच्या डावीकडं आणखी एक बोल्ट आहे. त्याच्या आत स्प्रिंग आणि स्प्रिंगवर पुशरॉड. रॉड टेन्शनरच्या आर्मला रेटतो, आर्मवरचा रबरी रोलर टायमिंग चेनला, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या चेनला, दाबून धरतो, आणि रॉडभोवतीचं ऑइल त्याला उसळू देत नाही. स्प्रिंगचा जोर हिशोबानं ठरवलेला असतो. वॉशर घातला की रोलर चेनवर नको तेवढा दाबला जातो. ती घूंऽऽ बहुधा त्याचीच. मग रबराला चर पडतो आणि चेन पुन्हा सैल.

पण खडखड चेनचीच आहे हे पक्कं करा. इंजिन पूर्ण गार असताना आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची फट, बघा, ०.०५ मिलिमीटरची पट्टी अलगद सरकली पाहिजे. मग गाडी सुरू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवा आणि मूठ कानाला लावा. टॅपेटची बारीक टिकटिक हेडमधून येते, चेनची खडखड सिलिंडरच्या डाव्या अंगातून. रेस देऊन सोडली की उतरत्या रेसला चेन जास्त वाजते. घाट उतरताना तुम्हाला ऐकू येतं ते हेच.

टेन्शनरचा बोल्ट काढताना खाली भांडं धरा, ऑइल येईल. बोल्ट सावकाश सोडा, स्प्रिंग दाबलेली असते. रॉडच्या टोकाचं रबर नखानं दाबून बघा. नख जरासुद्धा रुतत नसेल, रबर काचेसारखं कडक झालं असेल, तर नुसता रॉड बदलून भागणार नाही, कारण आतले रोलरही त्याच वयाचे. चेन, आर्मवरचा आणि वरचा असे दोन्ही रोलर, रॉड, स्प्रिंग सगळं एकदम बदला. जुन्या चेनवर नवा रोलर बसवून पैसे वाचवायला माझा ठाम विरोध आहे.

यासाठी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य डबा, उघडावी लागत नाही. डावीकडचं मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चाक) आणि हेडचं गोल झाकण काढलं की चेन हाताशी येते. वरच्या रोलरसाठी हेड उतरवावं लागतं. मॅग्नेट पुलर या ओढून काढायच्या हत्यारानंच काढा, हातोडी लावू देऊ नका. बसवताना मॅग्नेटवरची टी खूण केसच्या खुणेसमोर आणि कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर हवी. रॉडला ऑइल लावून बसवा. मग क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत बघा. मध्ये कुठं अडलं तर थांबा, किक मारू नका. चेन चक्रावर एखादा दात चुकून बसलेली असते आणि व्हॉल्व्ह वाकायची भीती असते.

उजवीकडचं झाकण उघडून ऑइलची जाळीही बघाच. झिजलेल्या रोलरचं रबर काळ्या कणांच्या रूपात तिथं साचतं. जाळी तुंबली की पंपाला ऑइल कमी पडतं, आणि सगळ्यात आधी वरचा कॅमशाफ्ट अन् व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे पडतात. ही गाडी १९८५ साली आली तेव्हाची जाहिरात होती : पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. मायलेजपुरतं ते खरंच होतं. पण ऑइल विसरून या टेन्शनरचं चालत नाही, त्याचं अर्धं काम ऑइलच करतं.

प्रश्न : माझ्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटची चेन वाजते. तिची टायमिंग चेन कशी आवळायची? – एक वाचक, विटा

उत्तर : तिला टायमिंग चेन नाहीच. कॅम गिअरवर फिरतात आणि व्हॉल्व्ह पुशरॉड या लांब दांड्यांनी उघडतात. तुम्हाला ऐकू येतेय ती डावीकडची, क्रँकपासून क्लचपर्यंतची प्रायमरी चेन असावी. तिचा टेन्शनर मात्र हातानं लावायचा असतो. डावं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर आहे. ते काढा, खालचा टेन्शनर बोल्टनं वर घ्या आणि चेन जिथं सगळ्यात ताठ लागते तिथं साधारण ६ मिलिमीटर ढील ठेवून लॉकनट आवळा. क्लच फिरवत तीन-चार जागी बघा, कारण जुनी चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. झाकण लावल्यावर त्यात ऑइल भरायला विसरू नका.