चालू जँगो साइटला वॅगटेलचा ब्लॉग, आणि मराठी स्लगची भानगड

तुमची अडचण थोडक्यात अशी: इंदूरच्या मराठी मंडळाची साइट जँगोवर (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) आहे, सभासद नोंदणी आणि कार्यक्रमांची पानं नीट चालतात, आता तिथेच ब्लॉग हवा. वॅगटेल (जँगोवर चालणारी, ॲडमिनमधून लेख लिहायची सोय देणारी प्रणाली) बसवलं तर पत्ता ‘ब्लॉग/ब्लॉग’ असा दुहेरी येतोय आणि मराठी शीर्षकाच्या लेखांचे स्लग (पत्त्यातला शीर्षकावरून बनणारा भाग), म्हणजेच पत्ते, मोडके तयार होतायत. लिहिणारी मंडळी ज्येष्ठ, कोडशी त्यांचा संबंध नाही.

वॅगटेल घेतलंत ते बरं केलंत. त्यावर बेतलेली तयार ब्लॉग-ॲप्स मिळतात, पण महिन्याला चार लेखांसाठी तो पसारा कशाला? शिवाय असं ॲप वॅगटेलच्या नव्या आवृत्तीपेक्षा मागे राहिलं की तुमचं अपडेटही अडकतं. यादीचं एक पान आणि लेखाचं एक पान, अशी दोन मॉडेल्स (पानात कोणती माहिती असेल ते सांगणारे पायथनचे क्लास) स्वतः लिहा.

(सेटिंग्जची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये वॅगटेलचे फॉर्म्स, रीडायरेक्ट्स, एम्बेड्स, साइट्स, यूजर्स, स्निपेट्स, डॉक्युमेंट्स, इमेजेस, सर्च, ॲडमिन आणि नुसतं ‘वॅगटेल’, शिवाय मॉडेलक्लस्टर आणि टॅगिट हे सगळे असू द्या. रीडायरेक्टचं मिडलवेअर (जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर नेणारा भाग) विसरू नका, पुढे कामाला येणार आहे. ‘डेटा अपलोड मॅक्स नंबर फील्ड्स’ची जँगोतली मूळ मर्यादा १,००० आहे, ती १०,००० करा, नाहीतर बरेच ब्लॉक असलेला लांब लेख सेव्ह करताना ४०० चा एरर येतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. एखाद्या ट्युटोरियलमध्ये ‘वॅगटेल डॉट कोअर’ दिसलं तर ते २०२२ मधल्या ३.० आवृत्तीच्या आधीचं. ते आता नुसतं ‘वॅगटेल’ झालंय, जुनी ओळ चिकटवली तर मॉड्यूल सापडत नाही म्हणून ओरडतं.

आता दुहेरी पत्ता. यूआरएल फाइलमध्ये तुम्ही वॅगटेलची पानं ‘ब्लॉग/’खाली जोडली आहेत, ते बरोबर आहे. पण वॅगटेलच्या दृष्टीने त्या ‘ब्लॉग/’वर साइटचं मूळ पान उघडतं. तुम्ही वेलकमच्या (वॅगटेल सुरुवातीला स्वतःच करतं त्या) पानाखाली ‘ब्लॉग’ स्लगचं यादीचं पान केलंत, म्हणून एक ब्लॉग यूआरएल फाइलमधून आला आणि दुसरा स्लगमधून. यादीचं पान थेट रूटखाली (वॅगटेलच्या पानांच्या झाडाचं सगळ्यात वरचं टोक) करा, मग सेटिंग्जमध्ये साइट्स उघडून मूळ पान म्हणून तेच निवडा. वेलकमचं पान त्यानंतरच काढा. हा क्रम उलटा झाला तर गोंधळ होतो: साइटची नोंद मूळ पानाला बांधलेली असते, त्यामुळे पान काढलं की नोंदही जाते, आणि ॲडमिनमध्ये लेख दिसत असूनही बाहेर सगळीकडे ४०४. तसं झालंच असेल तर साइट्समध्ये नवी नोंद करा आणि ‘डिफॉल्ट साइट’वर टिक द्या.

वॅगटेल ‘ब्लॉग/’ऐवजी रिकाम्या पत्त्यावर जोडायचं कधी मनात आलं, तर ती ओळ यूआरएल फाइलच्या यादीत सगळ्यात शेवटी हवी. वर ठेवली तर सभासद नोंदणीचा पत्तासुद्धा वॅगटेल स्वतःचं पान समजून शोधत बसेल.

मराठी पत्ते का मोडतात हे नीट समजून घ्या, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत हे सहसा सापडत नाही. जँगोचं स्लगिफाय (शीर्षकाचा स्लग करणारं फंक्शन) साधं चालवलं तर रोमन नसलेलं प्रत्येक अक्षर टाकून देतं; पूर्ण मराठी शीर्षकाचा स्लग रिकामा येतो. युनिकोडची परवानगी देऊन चालवलं की अक्षरं राहतात, पण पायथनच्या रेगेक्समधल्या (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) ‘शब्दातलं अक्षर’ या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त बसतच नाहीत. म्हणून ‘सराफ्यातली रात्र’ या शीर्षकाचा स्लग होतो ‘सरफयतल-रतर’. इंदूरचा ‘इदर’ होतो. हाताने बरोबर देवनागरी स्लग टाकायला गेलात तरी स्लगची तपासणी त्याच नियमाने होते, म्हणजे मात्रा दिसली की फॉर्म नाकारणार.

यातून पळवाट काढून देवनागरी पत्ता मिळवलाच, तरी तो वापरायला गैरसोयीचा. देवनागरीचं एक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. ‘सराफ्यातली रात्र’मध्ये मात्रा धरून १५ चिन्हं आहेत, मधल्या रेघेसकट १३६ अक्षरांची शेपटी. ती व्हॉट्सॲपवर पाठवली की कोणी उघडायला धजणार नाही.

तेव्हा शीर्षक मराठीत, स्लग रोमनमध्ये. ‘वॅगटेल अलाऊ युनिकोड स्लग्ज’ हे सेटिंग मुळात चालू असतं, ते बंद करा. लेख भरताना प्रमोट टॅबमध्ये रोमन स्लग हाताने लिहायचा. लेखकांना एकच नियम सांगा: शीर्षकातले दोन-तीन शब्द लहान रोमन अक्षरांत, मध्ये आडवी रेघ. स्पेलिंगवरून वाद घालू देऊ नका, ‘रात्र’ कशीही लिहिली तरी पत्ता चालतो. जे मोडके पत्ते आधीच बाहेर गेले आहेत तेही बिनधास्त बदला: रीडायरेक्ट्सचं ॲप असेल तर स्लग बदलताच जुन्यावरून नव्यावर नेणारी नोंद वॅगटेल आपोआप करतं (२.१६ पासून), आणि वरचं मिडलवेअर ती पाळतं.

टेम्प्लेटमध्ये दोनच गोष्टी चुकतात. मजकुरावर ‘रिचटेक्स्ट’ फिल्टर लावायचा राहिला की पानावर टॅग उघडे दिसतात. आणि यादीसाठी ‘गेट चिल्ड्रन’ तसंच वापरलं तर ड्राफ्टही येतात, शिवाय तुमच्या मॉडेलमधली फील्ड्स हाती लागत नाहीत. लेखाच्या मॉडेलवरूनच ‘चाइल्ड ऑफ’ आणि ‘लाइव्ह’ लावून, प्रकाशनाच्या तारखेने उलट क्रमात मागवा.

फोटो चढत नाहीत अशी तक्रार आली तर आधी एनजिनएक्स (साइटच्या पुढे बसणारा वेब सर्व्हर) बघा. वॅगटेल १० एमबीपर्यंतचा फोटो घेतं, पण एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि मोबाइलचा फोटो ४१३ चा एरर (फाइल फार मोठी) खाऊन परत येतो. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ १२ एमबी करा.

ज्येष्ठ मंडळींना ‘एडिटर्स’ गटात घाला. हा गट वॅगटेल स्वतःच तयार करतं. त्यातले लोक लेख तपासणीला पाठवू शकतात, प्रकाशित करणं ‘मॉडरेटर्स’कडे. दोन्ही गटांना परवानगी रूटवर असते, त्यामुळे यादीचं नवं पान आपोआप त्यात येतं.

गुढीपाडव्याचा लेख सकाळी सातला आपोआप यावा असं कोणी म्हणेलच. त्यासाठी ‘पब्लिश शेड्यूल्ड’ ही कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवायची सर्व्हरवरची सोय) दर तासाला चालवावी लागते, नुसती वेळ भरून काही होत नाही. टाइम झोनही एशिया/कोलकाता करा; नव्या प्रोजेक्टमध्ये तो यूटीसी असतो, आणि तसाच राहिला तर सातचा लेख साडेबाराला उगवेल.