उन्हाळा घरात नांदवावा

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या खेड्यात तू पहिल्यांदाच स्वतःचे बिऱ्हाड मांडले आहेस आणि एप्रिल लागल्यापासून घर म्हणजे कूलरसमोर बसून दिवस ढकलण्याची जागा झाली आहे, असे तू लिहितोस. लहानपणी ज्या उन्हाळ्याची वाट पाहत होतास, तो आता घरात कुठेच का सापडत नाही, हा तुझा प्रश्न मला रास्त वाटला.

माझ्या मते, तो न सापडण्याचे कारण तुझ्या घड्याळात आहे. वर्षभराचेच वेळापत्रक तू मे महिन्यातही चालवतोस. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दिवसाचे दोन दिवस करावे लागतात: पहाटे साडेचारला सुरू होऊन नऊच्या आत आटोपणारा एक, आणि उन्हे कलल्यावर सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालणारा दुसरा. मधला वेळ ही रात्रच समजावी. कष्टाची, चुलीची आणि बाहेरची कामे त्या दोन दिवसांत वाटली की दुपार आपोआप मोकळी होते आणि मोकळ्या दुपारीच घरात उन्हाळ्याची मजा शिरते.

पहिली गोष्ट माठाची. अक्षय तृतीयेला आपल्याकडे घागर पुजतात, पितरांच्या नावाने पाण्याचे दान करतात, आणि अनेक घरांत त्या दिवसानंतरच आंब्याला हात लावतात. तेव्हा नवा माठ त्याच सुमारास घे. आधी तो एक दिवस पाण्याने पूर्ण भरून ठेव आणि ते पाणी टाकून दे. आतून साबण किंवा घासणी लावू नकोस. माठ गार होतो तो त्याच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते म्हणून. त्यामुळे तो बंद कोपऱ्यात कोंडण्यापेक्षा सावलीत, पण वारा येईल अशा ओसरीवर, ओल्या वाळूवर ठेवावा आणि भोवती ओले पोते गुंडाळावे.

कूलरचेही तत्त्व तेच. आपली हवा कोरडी असते म्हणून तो इथे काम करतो. कोकणात तोच कूलर नुसती ओल वाढवील. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली नाहीस, तर तुझ्याही खोलीत तेच होईल. एक गोष्ट मात्र कधी विसरू नकोस: टाकीत पाणी भरण्यापूर्वी प्लग काढून ठेव, कारण ओल्या हाताने पत्र्याला स्पर्श होऊन विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

पिण्याच्या पदार्थांबद्दल फार सांगत नाही. कैरी निखाऱ्यात भाजून गूळ, मीठ आणि जिरेपूड घालून केलेले पन्हे, वाळवून ठेवलेल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत, किंवा ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली आंबील, यांतले एक काही रोज घरात असावे. बाटलीतल्या रंगीत पेयांवर माझा राग नाही, पण उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे ती ठेवणे मला दरिद्रीपणाचे वाटते.

खरा रस आहे तो वाळवणात. मुलगा आहेस म्हणून त्यापासून दूर राहू नकोस. पापड-शेवया विकत मिळतात हे मला ठाऊक आहे. मी सांगते आहे ते कुरडयांबद्दल, कारण त्या एकट्याने होत नाहीत आणि त्यांच्यामुळे आळीतली चार माणसे तुझ्या अंगणात येतील. गहू बुधवारी सकाळी भिजव. पाणी रोज बदलावे, नाहीतर वास येतो. शनिवारी सकाळी दाणा बोटांत दाबला की पांढरे दूध सुटते. मग तो वाटून, पिळून, गाळून घ्यावा आणि ते दूध रात्रभर न हलवता ठेवावे. रविवारी पहाटे वरचे पिवळसर पाणी अलगद ओतून दिले की तळाशी घट्ट पांढरा चीक बसलेला दिसतो. जितक्या वाट्या चीक तितक्या वाट्या पाणी मीठ-हिंग घालून उकळावे आणि एकाने चीक धारेने ओतत असताना दुसऱ्याने लाकडी दांड्याने सतत घोटावे; हात थांबला की गुठळ्या झाल्याच. चीक शिजून काचेसारखा पारदर्शक दिसू लागला की गरम असतानाच सोऱ्यातून खाटेवरच्या धुतलेल्या कापडावर कुरडया घालाव्यात. उन्हे तापण्याआधी शेवटची कुरडई पडली पाहिजे. सोऱ्या विकत घेऊ नकोस, शेजारून मागून आण. पातेल्याला लागलेला चीक तेल किंवा साखर घालून खाण्यासाठी मुले बोलावल्याशिवाय जमतील, आणि राखणीला बसायलाही तीच उपयोगी पडतील. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात.

नऊ वाजता, कूलरसमोरची खिडकी सोडून, बाकी दारे-खिडक्या लावून घ्यावीत आणि अंधार पडल्यावरच उघडावीत. दुपारी झोप झाल्यावर चिंचोके फोडून अष्टा-चंगा मांड. वीज गेली तरी तो चालतो. पाखरांसाठी मातीचे परळ भरून ठेवायला पैसे लागत नाहीत. मात्र एखाद्याचे अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नकोस. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी मार, वारा घाल आणि लगेच १०८ ला फोन कर.

संध्याकाळी अंगणात सडा टाकून झोपायच्या बाजा, म्हणजे खाटा, बाहेर काढाव्यात. मच्छरदाणीचे काठ गादीखाली नीट खोचावेत, कारण विंचवांनाही तेच अंगण आवडते. रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी आणि आग्नेयेला वृश्चिकातील तांबूस ज्येष्ठा सहज ओळखता येते. शेजारच्या मुलांना ती दाखव. आठवड्यातून एखादा बेत गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा ठेव. त्यासोबत वांग्याची भाजी आणि वरण पुरे. आमरस असेल तेव्हा मात्र कणकेचे सरगुंडेच हवेत. आळीतल्या एखाद्या आजीला विचारलेस तर ती ते काडीवर वळायला हौसेने शिकवील.

सूर्य रोहिणीत गेला, म्हणजे साधारण २५ मेपासून, नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात डाळी आणि वाळवण एकदा पुन्हा तापवून, पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यांत भर. तुझ्या घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौले, आहेत असे तू लिहिले आहेस. ते मृगाच्या आत फेरून घ्यायचे असतात आणि तेव्हा माणसे मिळत नाहीत, म्हणून फेरणाऱ्याला आताच सांगून ठेव.

तुझी,
बाई