शेवटच्या लेव्हलचा ‘बॉस’ आणि मालकांची नोटीस

प्रश्न : वकीलसाहेब, मी बेळगावातल्या शहापूरचा, वय २६. टिळकवाडीतल्या एका गेम स्टुडिओत तीन वर्षं डिझायनर होतो. तिथं तीसेक माणसं आहेत. आमच्या मोबाइल गेमच्या शेवटच्या लेव्हलला मी एक टकला, ढेरपोट्या राक्षस ठेवला. पगाराचं विचारलं की आमचे मालक ‘नाळे नोडोण’ (कन्नडमध्ये ‘उद्या बघू’) म्हणायचे, म्हणून तोही प्रत्येक फटक्याला तेच म्हणतो. आवाज मालकांच्याच व्हॉइस नोटमधून कापून घेतलाय. राक्षस मेला की पोटातून नाणी पडतात आणि पाटी येते, ‘पोरांचा पीएफ सापडला!’ गेम प्ले स्टोअरवर गेला, मी राजीनामा दिला आणि महिन्याभरानं कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला. आता नोटीस आली आहे : सात दिवसांत सोबतच्या मसुद्यावर सही करून माफी मागा, दहा लाख भरा, नाहीतर पोलिसांत देऊ. दोन महिन्यांचा पगारही अडवलाय. मला अटक होईल का? माझा जुना पासवर्ड अजून चालतो. रात्री शिरून ती लेव्हल गुपचूप काढून टाकू का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण आज रात्रीच तुम्ही ते करून बसाल अशी भीती वाटते. पासवर्डला हात लावू नका. नोकरी सुटली त्या दिवशी त्या सर्व्हरवर जायची तुमची परवानगी संपली. परवानगीशिवाय शिरून काही पुसलंत तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आज तुमच्यावर थट्टेचा आरोप आहे, उद्या पुरावा नष्ट केल्याचा होईल. पासवर्ड अजून चालतोय हे त्यांना लेखी कळवा आणि तो बंद करायला सांगा.

आता अटक. बदनामीचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३५६, जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९९-५००. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, त्यामुळे ‘पोलिसांत देऊ’ ही ओळ फक्त तुम्हाला घाबरवायला आहे. मालकांना मॅजिस्ट्रेटपुढे स्वतः फिर्याद द्यावी लागेल आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कोर्टानं दखल घेण्यापूर्वी तुमचं म्हणणं ऐकायला हवं. पोलीस जीप दारात येऊन थांबणार नाही, आईला तेवढं सांगून टाका.

आता मुद्द्याचं बोलू. तुम्ही एका राक्षसात दोन वेगळ्या गोष्टी घातल्या आहेत. टक्कल, ढेरी, ‘नाळे नोडोण’ ही टिंगल झाली. ‘पोरांचा पीएफ सापडला’ हा आरोप झाला : या माणसानं कामगारांचा पैसा खाल्ला. कायदा या दोन्हींकडे एका डोळ्यानं बघत नाही.

टिंगलीपुरतं तुमच्या बाजूनं एक चांगलं उदाहरण आहे आणि तेही गेमचंच. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं पॅकमॅनसारखा एक ऑनलाइन गेम काढला होता, ‘टर्टल व्हर्सेस टाटा’. त्यात कासवाच्या मागे टाटांचा लोगो लावलेले राक्षस लागायचे. टाटांनी दहा कोटींचा दावा लावला आणि गेम बंद करा म्हणून मनाई मागितली. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी अंतरिम मनाई नाकारली. व्यंग, अतिशयोक्ती चालते, हा त्या निकालाचा गाभा. एवढ्यावर नाचू नका मात्र. तो अंतरिम आदेश होता, आणि तिथं विषय सार्वजनिक हिताचा होता, ऑफिसातल्या पगाराचा नव्हता.

पीएफच्या पाटीचं काय करायचं ते तुमच्या पासबुकावर अवलंबून आहे. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, टाकून ते आजच बघा. पगारातून कापलेली रक्कम भरलेलीच नसेल तर चित्र उलटतं. कापून न भरणं हा गुन्हेगारी विश्वासघात ठरतो आणि पीएफ कार्यालयाकडे तक्रार तुम्ही करायची. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत सत्याबरोबर सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. पण पासबुकात सगळे हप्ते नीट दिसत असतील तर त्या पाटीचा बचाव मी तरी करणार नाही.

आणि तो आवाज! ‘राक्षस काल्पनिक आहे, नाव कुठं आहे?’ असं मी कोर्टात म्हटलं असतं. तुम्हीच ती वाट बुजवलीत. १९९४ च्या ‘डूम २’ या गेममध्ये शेवटच्या राक्षसाच्या आत जॉन रोमेरो या डिझायनरचं मुंडकं सहकाऱ्यांनी लपवलं होतं. रोमेरोला ते कळलं तेव्हा त्यानं स्वतःच आवाज दिला, ‘जिंकायचं तर मला, जॉन रोमेरोला, मारा’, आणि तो उलटा करून गेममध्ये घातला. तुमच्या मालकांनी दिलेला आवाज कामाच्या निरोपासाठी होता, राक्षसासाठी नाही.

दहा लाखांची रक्कम हवेतली आहे. नुकसान किती झालं ते त्यांना सिद्ध करावं लागेल. नोकरीत केलेलं काम कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचंच. म्हणजे गेम त्यांचा, तपासला त्यांनी आणि प्ले स्टोअरवर चढवलाही त्यांनीच. शेवटच्या लेव्हलपर्यंत त्यांच्यापैकी कुणी खेळून पाहिलंच नव्हतं का, हा प्रश्न मी उत्तरात नक्की विचारेन. अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये वॉरन रॉबिनेट या डिझायनरनं स्वतःचं नाव एका गुप्त खोलीत लपवलं होतं, कारण कंपनी डिझायनरांची नावं छापत नसे. तो नोकरी सोडून गेल्यावर ते उघड झालं आणि कंपनीनं ते तसंच राहू दिलं. तेवढं मोठं मन टिळकवाडीत मिळेल असं धरून चालू नका. न विचारता मजकूर घुसवला म्हणून करारभंगाचा मुद्दा ते काढू शकतात, आणि बदनामीपेक्षा त्यांचा तोच मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बेळगावात राहून मला सांगावंच लागतं. राक्षस कन्नड बोलतो आणि बनवणारा मराठी आहे. ऑफिसातला हा विनोद तीसजणांना कळतो. तोच व्हिडिओ चन्नम्मा सर्कलपासून निपाणीपर्यंत फिरला तर कुणाला पगार आठवणार नाही, भाषा दिसेल. भाषेवरून गटांत वैर पसरवल्याचं न्याय संहितेचं कलम १९६ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तुमच्या राक्षसावर ते टिकेल असं मला वाटत नाही, पण ते टिकत नाही हे ठरेपर्यंत स्टेशनच्या खेपा तुम्हालाच घालाव्या लागतील. म्हणून स्टेटस ठेवू नका, मित्रांना क्लिप पाठवू नका, आणि कुठली संघटना ‘आम्ही बघतो’ म्हणत आली तर चहा पाजून वाटेला लावा, मग ती मराठी असो की कन्नड. राक्षसाच्या कपाळावर विभूतीचे पट्टे वगैरे काढले नाहीत ना? काढले असतील तर भाषेबरोबर धर्मही वादात येईल, भेटीत आधी तेच सांगा.

पगार अडवता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायला सांगितलंय. राक्षसाचं भांडण वेगळं, दोन महिन्यांचं काम वेगळं. कामगार खात्याकडे स्वतंत्र अर्ज द्या. नोटिशीच्या उत्तरात तो सौदा म्हणून मिसळू नका.

त्यांनी पाठवलेल्या माफीच्या मसुद्यावर सही करू नका. ‘मी बदनामी केली’ असं त्यात असणार, आणि तीच ओळ पुढं फिर्यादीला जोडली जाईल. उत्तर वकिलामार्फत जाऊ दे, हक्क राखून : मन दुखावलं असल्यास खेद आहे, आवाज पुढच्या अपडेटमध्ये काढायला हरकत नाही, पासबुक बरोबर निघालं तर पाटीही काढा, लागेल ती मदत करीन. टकला, ढेरपोट्या राक्षस मात्र राहू दे. त्याबद्दल माफी मागायचं कारण मला दिसत नाही.

सात दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजा. येताना नोटिशीचं पाकीट फेकून न देता घेऊन या, शिवाय नेमणूकपत्र, तीन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि ती मूळ व्हॉइस नोट, न कापलेली.