कप बसवण्याआधी पेल्व्हिस बघ

तू विचारलंस, खुब्याचा सांधा बदलताना कप (पेल्व्हिसमध्ये, म्हणजे कटीच्या हाडात बसणारी कृत्रिम वाटी) नेमका किती अंशांत बसवायचा. १९७८ साली ऑर्थोपेडिक सर्जन ल्युइनेक यांनी सांगितलेले आकडे पाठ असू देत: इन्क्लिनेशन (कपचा बाजूकडचा कल) ४० आणि ॲन्टीव्हर्जन (पुढे वळलेपण) १५, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे. पण या हद्दीत बसवलेले सांधेही निखळतात, म्हणून त्यावर विसंबून राहू नकोस.

खरी गडबड पेशंटला कुशीवर झोपवतानाच होते. पेल्व्हिस धरून ठेवणारा पुढचा आणि मागचा सपोर्ट स्वतः हलवून बघ, ते काम वॉर्डबॉयवर सोडू नकोस. पुढचा रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं हत्यार) जोरात ओढला की पेल्व्हिस पुढे कलंडतं. टेबलाच्या हिशेबाने तुझा हात बरोबर असतो, प्रत्यक्षात कप मागे वळलेला बसतो. म्हणून ट्रान्सव्हर्स लिगामेंट (खुब्याच्या खोबणीच्या खालच्या कडेचा आडवा पट्टा) शोध, ऑस्टिओफाइट (हाडाची जादा वाढ) काढून ते स्वच्छ दिसू दे आणि कपची कड त्याला समांतर ठेव. पेल्व्हिस हललं तरी ते लिगामेंट त्याच्यासोबतच हलतं.

ॲन्कायलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा (पाठीचा कणा ताठ करणारा संधिवात) किंवा कमरेचं फ्युजन (मणके जोडण्याचं ऑपरेशन) झालेला पेशंट असेल, तर उभं राहून आणि बसून असे बाजूचे दोन्ही एक्स-रे घेच. ताठ कमरेत बसताना पेल्व्हिस मागे झुकत नाही, मांडीचं हाड पुढे आपटतं आणि बॉल मागून निसटतो. तिथे ॲन्टीव्हर्जन थोडं जास्त लागतं.

आणि हो, पेशंट घरी जमिनीवर बसतो का, ते ओपीडीतच विचार. ट्रायल (तपासणीपुरते तात्पुरते भाग) लावल्यावर सांधा वाकवून, आत वळवून बघितल्याशिवाय लायनर (कपच्या आतलं अस्तर) ठोकू नकोस.