जुन्या स्विफ्टला बाहेरचं टर्बो किट बसवलं तर आपल्याकडच्या उन्हात टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2016 ची स्विफ्ट, 1.2 पेट्रोल. घरात नवी गाडी आल्यामुळे ही आता हौसेला मोकळी झालीय. ऑनलाइन 60,000 रुपयांचं टर्बो किट (टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) दिसलं, विकणारा म्हणतो 'बोल्ट लावा आणि पळवा', बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या वरचा हवेचा दाब, 0.8 बार सांगतो. तुम्ही जालन्याचे. बसवू का, आणि बसवलं तर काय काय लागेल?

मी छत्रपती संभाजीनगरात हेच काम करतो, त्यामुळे सरळ सांगतो. किट बसतं. इंजिन टिकणं मात्र किटवर अवलंबून नसतं. आत जाणारी हवा किती गरम आहे आणि तिला पेट्रोल किती मिळतंय, यावर सगळं ठरतं. आणि 0.8 बार तर डोक्यातून काढूनच टाका. इंजिन न उघडता 0.4 च्या वर जाऊ नका.

कारण बघा. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, 11:1 च्या घरात आहे, कारण ते बिनटर्बोचं म्हणूनच बनलंय. मारुतीनेच बलेनो आरएसमध्ये जे 998 सीसीचं टर्बो इंजिन दिलं होतं, त्याचं कॉम्प्रेशन 10:1, वर डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये). कारखान्याने एवढं सांभाळून 102 पीएस काढले. आपण जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात वरून दाबाची हवा कोंबणार, म्हणजे नॉकिंगची, मिश्रण नको तेव्हा आपोआप पेटून ठोके बसण्याची, वेळ लवकर येणार.

त्यात आपला उन्हाळा. हवा दाबली की तापते, हे सायकलचा पंप हाताळलेल्या कुणालाही माहीत आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे 42 अंश ही नेहमीची गोष्ट. ती हवा लहान टर्बोतून 0.4 बारने दाबली तर बाहेर पडताना नव्वदीच्या पुढे जाते. 0.8 बारला तीच 130 च्या आसपास. बरा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) असेल तर 0.4 ची हवा 57-60 वर येते, आणि तेवढ्यावर इंजिन जगतं. हे आकडे बाहेरची हवा ओढली तरचे आहेत. बोनटखाली उघडा कोन फिल्टर लावला, तर सुरुवातच साठ अंशांपासून होते. फिल्टर बंपरच्या मागे, बाहेरच्या हवेत न्या आणि त्याला चांगली पेटी करा. आपल्या धुळीचा एक कणसुद्धा लाखभर आरपीएमने फिरणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांना खातो. कापसाच्या दिवसांत रुईचे तंतू इंटरकूलरच्या जाळीत गच्च बसतात, ते ब्रशने आणि हलक्या पाण्याने काढत राहावं लागतं. प्रेशर वॉशर मारला तर पत्र्या वाकतात.

आता पेट्रोल. पंपावर आज मिळतं ते ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, त्यातलं कितीतरी आपल्याच साखर कारखान्यांचं. त्याचा एक फायदा आहे: ऑक्टेन (नॉकिंग टाळायची ताकद) 95, आणि इथेनॉल वाफ होताना हवा थंड करतं. तोटा असा की शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण 14.7 लागतं, ई20 ला साधारण 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल. त्यावर टर्बोची 40 टक्क्यांपर्यंत जादा हवा. पेट्रोल फवारणारे मूळचे इंजेक्टर तिथेच कमी पडतात. मोठे इंजेक्टर आणि टाकीतला पंप या दोन गोष्टींत कंजुषी करू नका. तुमची गाडी ई20 साठी बनलेली नाही, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घ्या. स्वस्त किटमध्ये पेट्रोलचा दाब वाढवणारा एक रेग्युलेटर देतात आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) हात लावायची गरज नाही म्हणतात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोलची परतीची लाइनच नसते, त्यामुळे तो नीट बसतही नाही. बसला तरी टायमिंगचं, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते त्याचं, काय?

खरं काम ईसीयूत आहे. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या थोडा वर गेला की संपतो. त्यानंतर ईसीयूला बूस्ट दिसतच नाही. 2 किंवा 3 बारचा सेन्सर आणि स्वतंत्र किंवा पिगीबॅक (मूळच्याला जोडून चालणारा) ईसीयू लागतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर, थ्रॉटलजवळ आणा. धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर कायमचा बसवा आणि त्याचा आकडा लॅम्बडात (1 म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली म्हणजे जादा पेट्रोल) बघा, म्हणजे पंपागणिक इथेनॉल थोडं कमीजास्त झालं तरी फसगत होत नाही. बूस्टमध्ये 0.80 ते 0.82. टायमिंग ईसीयूतल्या मूळ कोष्टकापेक्षा 5-6 अंश मागे घेऊन सुरू करा आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश पुढे आणा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं, नॉकिंग ऐकू येईपर्यंत नाही. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप 0.7 ते 0.8 मिमी. एवढं केल्यावर 84 चे 105-110 पीएस धरा. कुणी 150 सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

डिसेंबरच्या गारठ्यात केलेलं ट्यूनिंग मे महिन्यात घात करतं. तापमान वाढेल तसं टायमिंग मागे जाणारं आणि बूस्ट कमी करणारं कोष्टक ट्यूनरने भरलंय का, ते लॅपटॉपवर दाखवायला सांगा. कोष्टक रिकामं असेल तर काम अर्धवट आहे.

मागच्या उन्हाळ्यात परभणीकडून एक स्विफ्ट माझ्याकडे ओढून आणली होती. 0.7 बार, मूळचा सेन्सर, भर दुपारी एसी लावून लांबचा पल्ला. प्लग काढले तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी बारीक कण, रवा सांडल्यासारखे. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. आत दोन रिंगांमधला पिस्टनचा काठच तुटला होता. पोराने बचतीचे पैसे घातले होते, आणि बसवणाऱ्याने त्याला वाइडबँड हा शब्दही सांगितला नव्हता. मला याचा अजून संताप येतो.

म्हणून किट मागवायच्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) गेजने तपासा: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचा विषय बंद, आधी इंजिनाचं काम काढा.

फिटिंगमध्ये दोन जागी लोक घाई करतात. पहिली मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारे पाइप. किटमधले पातळ पाइपचे मॅनिफोल्ड सांध्यावर तडकतात. तुम्ही जालन्यात आहात, लोखंडाला आणि लेथला तोटा नाही. वाळूजलाही जॉब वर्क करणारे चांगले टिग वेल्डर आहेत. जाड भिंतीचे पाइप, 10-12 मिमीचा फ्लँज (बोल्ट लावायची पट्टी), आणि वेल्डिंगनंतर फ्लँजचं तोंड पुन्हा मशीनवर सपाट करून घ्या, कारण उष्णतेने तो वाकतोच. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकू देऊ नका, इंजिनला धरून ब्रॅकेट द्या.

दुसरी जागा म्हणजे ऑइलची परतीची नळी. टर्बोतून ऑइल फेसाळून बाहेर येतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. नळी आतून किमान 16 मिमी, सतत उताराची, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. ती आडवी गेली तर ऑइल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये जातं, निळा धूर निघतो, आणि बिचाऱ्या टर्बोला नावं ठेवली जातात. भोक पाडायला चेंबर खाली काढा. जागेवर ड्रिल मारलं तर किस थेट ऑइलमध्ये पडतो. ऑइल पूर्ण सिंथेटिक, दर 5,000 किलोमीटरला बदला, आणि जोरात पळवल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम 182अ मध्ये मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याचा जीव गेला असेल तर ते ओझं घर बुडवणारं असतं. म्हणून मी हे काम फक्त ट्रॅकवर आणि ऑटोक्रॉसला (बंद मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला) जाणाऱ्या गाडीवर करतो. तिथे ती फ्लॅटबेडवर न्यायची. समृद्धीवर रात्री गाडी पळवून 'लॉग' (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढायला कुणी बोलावलं तर साफ नकार द्या.

आणि तुम्हाला नुसता घाटात ट्रक मागे टाकायला दम हवा असेल, तर हा खटाटोप करूच नका. जुनी बलेनो आरएस शोधा किंवा फ्रॉन्क्सची टर्बो चालवून बघा. वॉरंटी, विमा, आरसी सगळं सरळ राहतं.

ट्रॅकसाठीच करायचं नक्की असेल तर कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि चारही प्लगचे जवळून काढलेले फोटो पाठवा. ते बघून टर्बोचं माप सांगतो, तोपर्यंत किटचे पैसे भरू नका.